उंबऱ्याबाहेरचा ड्रॅक्युला

भुताखेतांच्या सगळ्या गोतावळ्यात निर्मात्याला सर्वांत परवडणारं भूत कोणतं, असं कुणी विचारलं तर मी रक्त पिणाऱ्या पिशाच्चाचं नाव घेईन. हिशेबच करून बघा. वेताळ दाखवायचा म्हटलं की त्याच्याबरोबर मशाली, पालखी आणि पाठोपाठ सगळी भुतावळ आली. म्हणजे तितक्यांचे कपडे आले आणि तितक्यांचं दोन वेळचं जेवण आलं. राक्षस आणावा तर त्याचं धड एकीकडे आणि मुखवटा दुसरीकडे चाललेला असतो. ड्रॅक्युलाला काय लागतं? एक उंच माणूस, एक काळा डगला आणि दोन सुळे. दिवसभर तो पेटीत झोपतो, त्यामुळे दिवसा त्याला काम देण्याचा प्रश्न नाही. बाहेर पडतो तो रात्री, आणि अंधार फुकट मिळतो. शिवाय अंधारात भिंतीचा रंग उडालेला दिसत नाही. आरशात त्याचं प्रतिबिंब पडत नाही, त्यामुळे आरशाच्या प्रसंगात नट सुटीवर गेला तरी चालतं. खाण्यापिण्याचं तर तो स्वतःच बघतो.

म्हणून जगभरच्या तंगीतल्या निर्मात्यांनी या पाहुण्याला डोक्यावर घेतलं. ही काटकसरीची परंपरा जुनी आणि चांगली घरंदाज आहे. १९२२ साली जर्मनीत मुर्नाऊ या दिग्दर्शकानं 'नोस्फेराटू' केला, तेव्हा बचतीला कथेपासूनच सुरुवात झाली. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीचे हक्क त्यांनी घेतलेच नाहीत. ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लॉक केला, लंडनच्या जागी एक जर्मन गाव आणलं आणि भागवलं. पण स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स खमकी होती. तिनं दावा ठोकला. हा एकच चित्रपट काढून निर्मिती संस्थेचं दिवाळं वाजलेलं, त्यामुळे भरपाई मिळायची आशा नव्हती. तेव्हा १९२५ साली कोर्टानं सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. सुदैवानं काही प्रती वाचल्या, आणि कायद्यानं ठार केलेला तो चित्रपट आज सिनेमाच्या अभ्यासक्रमात आहे.

त्यातली रात्रीची दृश्यं भर दिवसा चित्रित केली होती. फिल्म निळी रंगवली की झाली रात्र. पुढे कितीतरी वर्षं ज्या प्रती लोकांनी पाहिल्या त्या मात्र बिनरंगी. त्यांत हा ऑर्लॉक लख्ख उजेडात, स्वतःची शवपेटी काखोटीला मारून, भाड्याची खोली शोधत निघालेल्या विद्यार्थ्यासारखा गावातून चाललेला दिसतो. आणि हाच गृहस्थ शेवटी पहाटेचं ऊन लागून विरून जातो! उन्हानं पिशाच्च मरतं हा नियमही याच चित्रपटानं काढलेला. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये हिंडतो. म्हणजे ज्यांनी नियम काढला त्यांच्याच घरी तो पहिल्यांदा मोडला गेला. त्या चित्रपटात रानातलं भयानक श्वापद म्हणून जे काही दाखवलं आहे, ते चक्क तरस आहे. आपल्याकडच्या कुठल्याही धनगरानं पहिल्या फटक्यात ओळखलं असतं.

थोरामोठ्यांच्या घरीही फार वेगळं नव्हतं. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीनं १९३१ साली बेला लुगोसीला घेऊन 'ड्रॅक्युला' काढला. त्यात ट्रान्सिल्व्हेनियातल्या पडक्या किल्ल्यात आर्माडिलो फिरताना दिसतात. हा खवल्याखवल्यांच्या पाठीचा प्राणी अमेरिकेतला. युरोपातल्या किल्ल्यात तो कसा पोचला ते त्या काउंटलाच ठाऊक. त्याच सेटवर रात्री दुसरा संच येई आणि तोच चित्रपट स्पॅनिशमध्ये करी. एका सेटमध्ये दोन ड्रॅक्युला! पुढे इंग्लंडमध्ये हॅमर कंपनीच्या १९६६च्या चित्रपटात तर ख्रिस्तोफर लीचा ड्रॅक्युला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक अक्षर बोलत नाही, नुसता फुत्कारतो. ली सांगत, की संवाद इतके टुकार होते की मी ते म्हणायला नकार दिला. लेखक सांगे, की मी त्याला संवाद लिहिलेच नव्हते. आपल्याला काय, दोघांपैकी कुणीही खरं बोलत असो, त्या फुत्कारानं घाबरायला झालं हे खरं.

काटकसरीचा कळस मात्र अमेरिकेतल्या एड वूडनं चढवला. बेला लुगोसी म्हातारपणी विपन्नावस्थेत होता, तेव्हा वूडनं त्याची थोडीशी दृश्यं घेऊन ठेवली. १९५६ साली लुगोसी गेला. त्याला ड्रॅक्युलाच्या डगल्यातच पुरलं. आता नट नाही, पण काही मिनिटांची फिल्म हाताशी आहे. दुसरा कुणी असता तर हळहळून गप्प बसला असता. वूडनं त्या फिल्मभोवती 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' हा अख्खा चित्रपट रचला आणि लुगोसीच्या जागी आपल्या बायकोचा हाडं बसवणारा कायरोप्रॅक्टर उभा केला. उंची जुळेना, चेहरा जुळेना. मग त्यानं डगल्यानं तोंड झाकून घेतलं आणि तसाच शेवटपर्यंत वावरला. थडगी पुठ्ठ्याची, हात लागला की हलणारी. एकाच प्रसंगात मध्येच दिवस, मध्येच रात्र. १९८० साली एका पुस्तकानं या चित्रपटाला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरवलं, आणि त्याचं नशीब उघडलं. लोक शोधून शोधून तो बघू लागले. १९९४ साली या वूडवरच चित्रपट निघाला, आणि त्यात लुगोसीचं काम करणाऱ्या मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळालं. खऱ्या लुगोसीला ते कधी मिळालं नव्हतं.

आपल्याकडे ही गादी चालवली रॅमसे बंधूंनी. वडिलांचं कराचीत रेडिओचं दुकान. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं आणि सिनेमाच्या नादी लागलं. १९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून दरोडा घालतात असा एक प्रसंग होता, आणि लोक तेवढ्यासाठी थिएटरात येत होते. ही गोष्ट मुलांच्या ध्यानात आली. लोकांना दहा मिनिटांची भीती हवी असेल तर आपण अडीच तासांची देऊ, असा साधा सरळ हिशेब त्यांनी मांडला. त्यातून १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' आला. हा चित्रपट झाला आपल्या महाबळेश्वरात. सात भाऊ: कुमार लिहिणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण आवाजावर, अर्जुन संकलनाला, केशू निर्मितीला. बाहेरचं माणूस लागेल तेवढंच. ज्या महाबळेश्वरात बाकीच्या हिंदी सिनेमातली जोडपी स्ट्रॉबेरी खात गाणी म्हणत, तिथल्याच धुक्यात हे कुटुंब प्रेतं उठवत होतं. धुकं काय, दोघांनाही फुकटच.

पुढे त्यांना हवेल्याही सापडल्या. मुरूडच्या नबाबाचा समुद्राकाठचा राजवाडा त्यांच्या कॅमेऱ्यानं टिपला, आणि आजही जंजिऱ्याला निघालेल्या गाडीतला कुणीतरी काका तो वाडा दिसला की पोरांना सांगतो, ''ते बघा, इथं सामरी राहायचा.'' पोरं जंजिरा विसरतात. इतिहासाची एवढी मोठी जागा, पण गाडीतली चर्चा पुढचे दोन किलोमीटर त्या मुंडकं तोडलेल्या राक्षसाचीच. हा सामरी १९८४च्या 'पुराना मंदिर'मधला. त्याचं मुंडकं एकीकडे आणि धड दुसरीकडे ठेवलेलं, वर त्रिशुळाचा पहारा. याच चित्रपटात जगदीपनं 'शोले'तल्या गब्बरची नक्कल करत मच्छर सिंग नावाचा डाकू उभा केला आहे. भयपटात हा विनोद कशाला, असं तेव्हा समीक्षक विचारत. मला वाटतं, प्रेक्षकांना श्वास घ्यायला आणि शेंगदाण्यांची पुडी आणायला तेवढाच वेळ मिळे. आणि रक्त पिण्याचा विषय निघालाच आहे तर त्या काळच्या थिएटरांत मच्छर आणि ढेकूण हेच खरे कसलेले कलाकार होते. पडद्यावरचा राक्षस अडीच तासांत दोघातिघांचा निकाल लावी. खुर्चीतले ढेकूण मध्यंतरापर्यंत सबंध बाल्कनी आटोपत.

रॅमसेंचा अस्सल ड्रॅक्युला आला तो १९९० साली, 'बंद दरवाजा'त. नाव नेवला. राहायला काळी पहाडी. झोपायला पेटी, उडायला वटवाघूळ, सगळं सामान विलायती. पण गोष्ट बघा. ठाकुराच्या बायकोला मूल होत नाही. घरची नोकराणी तिला गुपचूप काळ्या पहाडीवर नेते. नेवला म्हणतो, मूल होईल, पण मुलगी झाली तर ती माझी. थोडक्यात, ट्रान्सिल्व्हेनियाच्या सरदाराला रॅमसेंनी नवसाला पावायला लावलं! मला हा प्रकार फार थोर वाटतो. कारण आपल्या भुतांशी आपला संबंध मुळात देण्याघेण्याचाच असतो. मुंजा पिंपळावर असतो, हडळ विहिरीवर असते, कोकणात देवचार आपापली हद्द सांभाळून असतो. सगळ्यांचे पत्ते ठरलेले आणि मागण्याही ठरलेल्या. कुणाला नारळ, कुणाला कोंबडा, कुणाला तिठ्यावर दहीभाताचा उतारा. भूत म्हणजे जरा अवघड स्वभावाचा शेजारी. त्याचं त्याला दिलं की तो आपल्या वाटेला जात नाही. युरोपातल्या पिशाच्चाशी अशी तडजोडच होत नाही. क्रूस दाखवा, लसूण टांगा, नाहीतर छातीत खुंटा ठोका. बाकी लसणाला घाबरणारं भूत खानदेशात एक जेवणवेळ तरी टिकलं असतं का, हा प्रश्नच आहे. रॅमसेंनी ओळखलं की या पाहुण्याला इथं रुळवायचं असेल तर त्याच्याशी आधी काहीतरी बोलणी व्हायला हवीत.

नेवला झालेले अनिरुद्ध अगरवाल हे ताडमाड उंच गृहस्थ. आमच्या शेजारच्या एका आजींनी 'बंद दरवाजा' टीव्हीवर पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्ही मुलं उशीत तोंड खुपसून बसलो होतो. आजी मात्र डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, ''किती खंगलाय गं मेला. याला कुणी जेव म्हणत नाही का?'' पुढे कधीतरी त्यांना कुणी सांगितलं की हा माणूस खरा रुरकीचा इंजिनियर आहे. त्यावर त्यांची काळजी आणखी वाढली. ''मग नोकरी का करत नाही?'' असं त्यांनी विचारलं. ड्रॅक्युलाविषयी इतका आपुलकीचा प्रश्न जगात दुसऱ्या कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही.

स्वस्त भयपट बघणाऱ्यांचे असे नाना प्रकार आहेत, आणि माझ्या मते खरी करमणूक त्यांच्यातच असते. एक असतो सल्लागार. नायिका मेणबत्ती घेऊन जिना उतरू लागली की तो खुर्चीच्या कडेला येतो. ''अगं, खाली जाऊ नकोस. मागे बघ. मागे! सांगतोय तर ऐकत नाही.'' तिनं ऐकलं नाही की तो खरोखर दुखावतो. दुसरा असतो माहीतगार. ''रंग आहे तो. डोळ्यांत काच घालतात,'' असं तो धीर देत असतो, आणि ते सांगताना त्याची बोटं आपल्या दंडात रुतलेली असतात. तिसरी बोटांच्या फटीतून बघणारी. ती फट नेमकी एवढीच ठेवते की भीती तर आत यावी, पण आपण बघितलं असं कुणाला म्हणता येऊ नये. चौथा तर्कशास्त्री. याला भीती वाटत नाही, याला शंका येतात. गाडी बंद पडली तर हवेलीत कशाला जायचं, एसटी नव्हती का? इतकी वर्षं बंद असलेल्या तळघरात मशाल कोण पेटवून ठेवतं? वटवाघळाला बांधलेली दोरी दिसतेय ती तुम्हाला दिसली का? त्याला उत्तर कुणीच देत नाही. देता येतही नाही, कारण सगळ्या शंका रास्त असतात.

आणि इथंच मला पिशाच्चांच्या कायद्यातलं एक कलम आठवतं. स्टोकरच्या कादंबरीत ते स्पष्ट घातलं आहे: घरातल्या कुणीतरी या म्हटल्याशिवाय पिशाच्चाला पहिल्यांदा आत पाऊल टाकता येत नाही. एकदा बोलावलं की मग त्याची ये-जा सुरू. एवढा अमर, एवढा ताकदवान, पण उंबऱ्यावर अडतो. आपल्याकडे भुतांच्या बाबतीत हीच अट जरा वेगळ्या तऱ्हेनं लावलेली आहे. रात्री कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, असं घरोघरच्या आज्या सांगत आल्या आहेत. माणूस असेल तर तो पुन्हा पुन्हा हाक मारील. भूत असेल तर त्याला तुमची एक ओ हवी असते; ती मिळाली की त्याचं काम झालं. म्हणजे दोन्हीकडे बाहेरच्याचं काही चालत नाही, दार आतूनच उघडावं लागतं.

स्वस्त भयपटाचं नेमकं हेच आहे. त्याच्याजवळ स्वतःचं असं फार थोडं असतं. दोरीचं वटवाघूळ, पुठ्ठ्याचं थडगं, सर्दी झालेल्या माणसासारखा घोगरा आवाज. या भांडवलावर तो तुमच्या दाराशी उभा राहतो आणि हाक मारतो. ओ द्यायची की नाही हे तुमच्या हाती. दिलीत, तर दोरी दिसूनही वटवाघूळ अंगावर येतं. नाही दिलीत, तर वटवाघूळ दिसत नाही, दोरी तेवढी दिसते. तर्कशास्त्री खोटं काहीच बोलत नसतो. तो फक्त ओ द्यायला तयार नसतो, आणि मग मला भीती वाटली नाही अशी वर तक्रार करतो. आजींनी मात्र पिशाच्चाला नुसती ओ दिली नाही, पानावर बसायलाही बोलावलं.

खर्चिक भयपटांना आपल्या ओची गरज उरलेली नाही, हे मला त्यांच्यातलं वैगुण्य वाटतं. संगणकावर तयार केलेली वटवाघळं थव्यानं येतात. त्यांना दोरी नसते, पंखावरची शीर न् शीर दिसते, आवाज चारी भिंतींतून अंगावर आदळतो. ते दार वाजवत नाहीत, भिंत पाडून आत येतात. आपण दचकतो, पण दचकणं म्हणजे घाबरणं नव्हे. पाठीमागे पातेलं पडलं तरी माणूस दचकतो. अशा थिएटरात सल्लागार गप्प बसतो. इतक्या कोटींच्या पडद्याला सल्ला काय द्यायचा, असं त्याला वाटत असावं.

हसण्याचंही असंच आहे. स्वस्त भयपट बघून लोक हसतात, ही त्या चित्रपटांची फजिती असं समजलं जातं. पण त्या हसण्यात दोन जाती आहेत. एक वरून खाली बघून हसतात. त्यांना आपण किती शहाणे ते स्वतःला पुन्हा एकदा सांगायचं असतं. दुसरं हसू घाबरता घाबरता सुटतं. अंधाऱ्या खोलीत दहा जण दाटीवाटीनं बसलेत, नेवल्याच्या पेटीचं झाकण करकरतंय, आणि कुणीतरी म्हणतं, ''बिजागरीला तेल घाला रे.'' सगळे खो खो हसतात आणि हसता हसता एकमेकांच्या आणखी जवळ सरकतात. १९९३ साली 'झी हॉरर शो' सुरू झाला तेव्हा घरोघरी हेच चालायचं. कार्यक्रम संपला की हसणाऱ्यांपैकी एकही जण पाणी प्यायला एकटा स्वयंपाकघरात जात नसे. एड वूडला वाईटात वाईट ठरवणाऱ्यांचं हसूही हळूहळू पहिल्या जातीतून दुसऱ्या जातीत गेलं. नाहीतर माणूस एखाद्याची टिंगल करायला पुन्हा पुन्हा तिकीट काढत नाही. आपल्याकडेही हरिनाम सिंग यांचा २००६चा 'शैतानी ड्रॅक्युला' शोधून काढून मित्रांना दाखवणारी मंडळी आहेत. बाजारात मिळणारे मुखवटे घालून शेतातून धावणारी भुतं बघताना ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसतात. पण मध्येच कुणी बंद करूया म्हटलं तर त्याच्यावर खेकसतात.

त्या धावणाऱ्या भुतांत मला तरी एक प्रकारचा धीटपणा दिसतो. पैसा नाही, साधनं नाहीत, काळोख पाडायला दिवे नाहीत, तरी कुणीतरी पहाटे उठून सुळे लावले, रबराचा मुखवटा चढवून घामाघूम होईतो पळाला आणि मनापासून ओरडला. लोक हसतील हे त्याला कळत नसेल असं नाही. तरी तो आला. दाराशी आलेल्या माणसाला या म्हणायची आपली रीत आहे, आणि या मंडळींची मागणी नारळा-कोंबड्याहून कितीतरी कमी असते: अडीच तास आणि एक किंकाळी.

तेव्हा गरीब घरचा ड्रॅक्युला पडद्यावर आला तर त्याला उंबऱ्यावर ताटकळत ठेवू नये. दिवे मालवावेत, चार माणसं जमवावीत, दोरी दिसली तर दिसू द्यावी. हसू आलं तर हसावं आणि जिना उतरणाऱ्या नायिकेला वेळेवर सावध करावं. ती आजवर एकदाही ऐकलेली नाही, पण आपलं कर्तव्य आपण सोडू नये. त्या रात्री तर्कशास्त्री मित्राला मात्र कळू देऊ नये. बोलावल्याशिवाय आत यायचं नाही हा नियम पिशाच्चांना आहे. तर्कशास्त्र्यांना, दुर्दैवानं, तो लागू नाही.